लाल नव्हे, शेंदरी

आमच्या पोरीला कॉन्व्हेंटात पहिलीला घालायचं ठरलं, तेव्हा मुलाखत तिची होती आणि धडकी मला भरली होती. जेवण जाईना, कामात लक्ष लागेना. पोरगी मात्र मजेत, दुकानात कापडाच्या ठाणांच्या मागं लपाछपी खेळत होती.

शेजारच्या दुकानातल्या वहिनींचा मुलगा आदल्या वर्षी त्याच शाळेत नापास झाला होता. एवढंसं पोर, आणि नापास! वहिनी म्हणाल्या, "अहो, पोरगं धडाधड बोललं की. मग त्यांनी मला इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि माझी दातखीळ बसली. तिथंच सगळं गेलं बघा." हे ऐकल्यापासून मी देव पाण्यात घालून बसले. माझं शिक्षण खेड्यातल्या मराठी शाळेत. लग्न होऊन हुबळीला आले ती थेट दाजीबानपेठेतल्या कापडाच्या दुकानात. खाली दुकान, वर घर. कन्नड चटकन बोलायला लागले, कारण गिऱ्हाइकापुढं लाजून भागत नाही. पण इंग्रजी म्हणाल तर यस, नो, थँक्यू, की संपलं. माझ्यापायी पोरीची शाळा जाणार, या एका विचारानं माझा जीव अर्धा झाला होता.

त्यावर ह्यांनी फर्मान काढलं, "तू तिथं तोंड उघडू नकोस. नुसती हसत बस. कुणी विचारलं तर घरी अभ्यास मी घेतो म्हणून सांगतो." मला राग आला आणि बरंही वाटलं. हे तरी कुठले मोठे साहेब! ह्यांचं इंग्रजी म्हणजे मालाच्या गठ्ठ्यांवर पत्ते लिहिण्यापुरतं. पण वासरांत लंगडी गाय शहाणी, म्हणून मी गप्प बसले.

मुलाखतीत रंग विचारतात असं कळलं होतं. मी म्हटलं, रंगांचा एक तक्ता आणू या. ह्यांनी डोळे वटारले. "कापडाच्या दुकानात रंगांचा तक्ता विकत आणायचा? पेठेत तोंड दाखवायला जागा राहील का?" झालं! ठाणंच काढली. कुंकवासारखं लालभडक ठाण म्हणजे रेड, शाळेच्या गणवेशाचं ते ब्लू, झेंड्याच्या कापडातलं ग्रीन. एका रंगाला एक ठाण. पोरीनं बघता बघता पाठ केलं आणि हे मिशीवर ताव देत फिरायला लागले. त्यातली मेख आमच्या दोघांच्याही ध्यानात आली नाही.

मुलाखतीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात नटूनथटून बसलेले आईबाप आणि शेवटच्या क्षणापर्यंत घोकणारी पोरं. आमचं नाव पुकारलं आणि मी पोरीचा हात धरून उठले. आत मोठ्या सिस्टर बसल्या होत्या, पांढऱ्या कपड्यातल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी नाव विचारलं, पोरीनं सांगितलं. गाणं म्हण म्हटलं, म्हटलं. मग त्यांनी एक रंगीत कार्ड पुढं धरलं.

"इज धिस रेड?"

पोरीनं कार्ड हातात घेतलं. "नो."

सिस्टरनी दुसरं कार्ड दिलं. "ब्लू?"

"नो."

तिसरं हिरवं होतं. त्यालाही नोच. ह्यांना घाम फुटला. "सिस्टर, शी नोज, शी नोज," एवढंच म्हणत राहिले. आणि आमच्या बाईसाहेबांनी काय करावं? पहिलं कार्ड चिमटीत धरून चोळलं, उलटं करून मागची बाजू बघितली आणि सिस्टरना कन्नडमध्ये गंभीरपणे सांगितलं, "बण्ण होगतैत्रि." म्हणजे, याचा रंग जाईल हो!

अगं बाई! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. सिस्टरनी चष्मा काढला. "व्हॉट डझ शी मीन?" ह्यांच्याकडं बघून त्यांनी विचारलं. हे आढ्याकडं बघायला लागले.

आता सांगते, तोंड उघडायचं नाही हे मी विसरले असं नाही. पण पोरीचा चेहरा दिसला. ती रडवेली झाली होती, खरं सांगूनही मोठी माणसं का गोंधळली ते तिला कळत नव्हतं. मग मला कुठली भीती आणि कुठलं काय! कन्नडमध्येच सुरू झाले मी. म्हटलं, "सिस्टर, आमचं कापडाचं दुकान आहे. आमच्यात लाल म्हणजे एक रंग नाही. तुमचं हे कार्ड शेंदरी आहे. माझ्या पदराचा काठ बघा, हा डाळिंबी. बाहेर बसलेल्या त्या बाईंची साडी राणी रंगाची. हे निळं नाही, चिंतामणी आहे. आणि ते हिरवं म्हणताय ना, ते पोपटी. तिला रेड म्हणून आम्ही एकच ठाण दाखवलं, चूक आमची. पण पोरगी खोटं बोललेली नाही."

सिस्टर उठल्या. खिडकीचा पडदा हातात धरून मंगळूरकडच्या कन्नडमध्ये त्यांनी पोरीला विचारलं, "मग हा कुठला?"

"आमसुली," पोरगी म्हणाली. "धुऊन धुऊन विटलाय."

सिस्टर अशा हसल्या की बाहेरचा शिपाई आत डोकावला. खुर्चीत बसून त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "तुला घरी कोण शिकवतं गं?"

ह्यांनी घसा खाकरला, छाती पुढं काढली. ठरलेलं उत्तर ओठांवर आलंच होतं. पण पोरीनं सरळ माझ्याकडं बोट केलं. "आई. दुपारी दुकानाच्या गादीवर आम्ही दोघीच असतो. गिऱ्हाइकाला फसवायचं नाही म्हणते."

सिस्टर माझ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "इंग्रजीची काळजी करू नका. ते आम्ही शिकवू. तेवढंच आम्हाला येतं."

मला रडू फुटलं. तिथंच, त्यांच्या टेबलासमोर, पदर तोंडाला लावून मी हमसून हमसून रडले, आणि पोरगी माझा हात ओढत विचारत होती, "आई, आपण नापास झालो का गं?"