तांबड्याच्या खांद्यावरचा घट्टा

चीनमधल्या दाफन या चित्रांच्या नकला करणाऱ्या वस्तीच्या गल्ल्यांत लुओ देझोंगला सगळे 'घोडेवाला लुओ' म्हणत. बावीस वर्षं हा माणूस इंग्रजांचे घोडे रंगवत होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली चित्रं ती: तबेल्याच्या दारात तुकतुकीत घोडा, लाल कोटातले शिकारी, मागे गवताने शाकारलेलं घर आणि डबक्यात दोन बदकं. नकला हातानेच करायच्या, पण एकेक करून नव्हे. भिंतीवर दहा कॅनव्हास ओळीने ठोकायचे. सकाळी दहाही घोड्यांची पोटं, दुपारी दहाही माना, आणि शेवटी घोड्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाचा एक फराटा, की घोडा चमकलाच. तो फराटा लुओसारखा कुणाला जमत नसे. आभाळ त्याची बायको शुफेन रंगवायची. इंग्रजांच्या देशातलं ऊन दोघांनीही पाहिलं नव्हतं आणि त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

अडलं ते मुलीचं. शियाओह इथेच जन्मली, इथेच बारा वर्षांची झाली, पण कागदोपत्री ती बापाच्या गावची, दूरच्या ग्वेइझौ प्रांतातल्या डोंगरातली. शहरातल्या कायमच्या रहिवासाचा दाखला नसेल तर पुढच्या इयत्तेला सरकारी शाळेत जागा नाही. मुकाट गावी आजोबांकडे जायचं. त्या वर्षी सरकारने जाहीर केलं, की ज्या चित्रकाराचं स्वतःचं, कुणाची नक्कल नसलेलं चित्र निवडलं जाईल, त्याला दाखला मिळेल.

"स्वतःचं म्हणजे काय काढणार?" शुफेनने विचारलं.

"घोडा."

"झालं! जन्मभर दुसरं केलंय काय?"

"इंग्रजांचा नव्हे गं. आमचा तांबड्या."

तांबड्या म्हणजे लुओच्या बापाचा घोडा. बुटका, सुटलेल्या पोटाचा, पाठीवर खाणीतला कोळसा घेऊन डोंगर चढायचा. त्याची शेपटी धरूनच लुओ लहानपणी शाळेत जाई. फोटो एकही नव्हता, सगळं आठवणीतून काढायचं. महिनाभर त्याने भिंतीवर एकच कॅनव्हास ठोकला. रंगवताना तो रडला, आणि हे सांगायची त्याला लाज वाटत नसे.

शियाओहने चित्र पाहिलं आणि टाळ्या पिटल्या. "बाबा, हा तर राजाचा घोडा वाटतो!"

लुओ फुलून गेला. खरं तर तिथेच त्याने सावध व्हायला हवं होतं.

निवडीच्या दिवशी चित्रं तपासायला सरकारतर्फे एक चष्मेवाले गृहस्थ बसले होते. त्यांनी तांबड्याकडे बराच वेळ पाहिलं.

"लुओ मास्तर, काम झकास आहे. आता सांगा, मूळ चित्र कुणाचं?"

"माझंच की, साहेब."

"अहो, ही मान, हे लांब पाय, पुठ्ठ्यावरची ही चमक... तुमच्या गल्लीत दर दुकानात टांगलंय हे. मागचे डोंगर तेवढे तुम्ही बदललेत."

"साहेब, माझ्या वडिलांचा घोडा आहे हा! वडील आहेत अजून. त्यांनाच विचारा!"

गृहस्थ काही दगड नव्हते. म्हणाले, "लावा फोन. त्यांनी ओळखला, तर तुमचं चित्र मी पुढे पाठवतो."

लुओने व्हिडिओ कॉल लावला. म्हातारा अंगणात मिरच्या वाळत घालत होता. लुओने फोन चित्रासमोर धरला.

"आबा, हा घोडा कुणाचा, सांगा बरं."

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "छान आहे की रे. कुणा साहेबाचा दिसतोय."

"नीट बघा ना, आबा! आपल्याकडचा आहे."

"आपल्याकडे असला घोडा? खुळा की काय तू! हा पहिल्या चढालाच बसेल." म्हातारा खदखदून हसला. "तांबड्याची सर नाही याला. ओझ्याच्या पट्ट्यानं त्याच्या खांद्यावर हा एवढा घट्टा पडला होता, केस पार गेलेले. तू त्यावर डुकराची चरबी चोळायचास रोज. आठवतंय का?"

आठवत होतं. आता आठवत होतं. महिनाभर हातात ब्रश असताना मात्र आठवलं नव्हतं. डाग दिसला की रंगाने बुजवायचा, गिऱ्हाइकाला जनावर गुळगुळीत लागतं, हेच तर बावीस वर्षं त्याचा हात शिकला होता. त्या मेल्या हाताने बापाच्या घोड्यालाही सोडलं नाही. म्हातारा खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं, असं लुओच्या मनात आलं, आणि मग स्वतःचीच शरम वाटली.

गृहस्थांनी चित्र दोन्ही हातांनी परत दिलं. हसले नाहीत. हसले असते तर निदान भांडता आलं असतं.

ऑगस्ट संपताना शुफेन मुलीला गावी पोचवायला निघाली. बसमध्ये चढताना शियाओहने विचारलं, "बाबा, तिकडे घोडे आहेत अजून?"

"नाहीत. आता रस्ता झालाय," लुओ म्हणाला.

त्याच आठवड्यात चित्रांचे व्यापारी क्वांग शेठ आले. भिंतीशी पाठमोरं ठेवलेलं चित्र त्यांनी उलटून पाहिलं.

"हे कुठल्या इंग्रजाचं रे? माझ्याकडे कसं नाही? डोंगर काढ, तबेला घाल, आणि असे दहा दे मला."

लुओने इंग्रजाचं नाव सांगितलं नाही, आणि आपलंही सांगितलं नाही. दहा कॅनव्हास ओळीने ठोकले. पहिल्या घोड्याच्या खांद्यावर त्याने तळहाताएवढा घट्टा काढला, राखाडी, खरबरीत, जसा होता तसा.

दुसऱ्या दिवशी शेठ डोकावले. "हे काय? खरूज झालीय का घोड्याला? झाकून टाक ते."

लुओने ब्रश तांबड्या रंगात बुडवला. आधीचा रंग ओलाच होता. दोन हातांत घट्टा नाहीसा झाला. मग त्याने उरलेल्या नऊ घोड्यांचे खांदे रंगवायला घेतले.