डेलबर्टचा नकार

निवड जाहीर करायची वेळ संपत आली होती. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये गाजलेला, चेंडू फेकून डाव चालवणारा क्वार्टरबॅक ट्रेंट माबरी संघात घ्यावा की नाही, हे खेळाडू पारखणाऱ्या डेलबर्टच्या शब्दावर अडलं होतं.

“अरे, बोल की!” मालक ग्रेडी खेकसले.

“नको. मार बसला की पोरगा आपले गडी सोडून अंगावर येणाऱ्यांकडेच बघतो. व्यावसायिकांत टिकायचा नाही.”

ट्रेंटला शेजारच्या संघाने उचललं. हिवाळ्यात तो डेलबर्टच्याच संघासमोर उतरला आणि दोनदा आडवा झाला. पुढच्या वेळी दोन धिप्पाड गडी अंगावर येत असतानाही त्याची नजर आपल्या गड्यावरून हलली नाही. त्याने चेंडू अचूक फेकला आणि डेलबर्टच्या संघाच्या हातचा सामना गेला.

मालकांनी वळून डेलबर्टकडे पाहिलं.

“चुकलो, साहेब,” तो म्हणाला. “भीती मोडताही येते, हे मी धरलंच नव्हतं.”