कॅम्पातले पांढरे गोटे

भूतखेत असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. वरोऱ्याला आमचं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाने असला विषय काढला की अब्बा हसून पुढचं कापड उलगडायचे. मी त्यांचीच मुलगी. त्यात शिकले पुरातत्त्व, म्हणजे आयुष्य मेलेल्यांच्या सामानात जायचं... घाबरून कसं चालेल?

धानोऱ्याच्या पुढे जंगलात जवानांचा एक जुना कॅम्प रिकामा पडला होता. तिथे मुलींचं वसतिगृह व्हायचं होतं. बांधकामाआधी तिथे जपण्यासारखं काही आहे का, हे तपासायला मला पाठवलं. मोजणीला सोबत सिंदेवाहीचे प्रमोदभाऊ. तोंडात सतत सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि मोजणीच्या यंत्रावर जीव.

कॅम्पच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चुना फासलेले लांबट दगड आडवे मांडले होते. छावणीत असतातच तसे, म्हणून मी आधी लक्षच दिलं नाही. मग गावातल्या चैतीबाई आल्या आणि एका दगडावर हात ठेवून बसल्या. गावात माणूस गेलं की त्याच्या नावाने दगड उभा करतात. कॅम्प बसला तेव्हा ते सगळे उपटून रस्त्याला लावले होते.

"हा माह्या भावाचा गोटा हाये," त्या म्हणाल्या. "गोटा उभा असन तं माणूस त्याले टेकून बसते. गोटा पाडला तं त्याले उभंच राहा लागते. किती दिवस उभा राहीन बाई तो?"

मी त्यांच्या भावाचं नाव वहीत लिहून घेतलं. पण आमच्या कामाचा नियम कोरडा आहे — जागेवरून हललेल्या दगडाला पुरावा म्हणून फारशी किंमत नसते. वारसा ठरला नाही, तर हे सगळे दगड फोडून इमारतीच्या पायाभरणीत गिट्टी म्हणून जाणार होते.

दुपारी मोजणी सुरू केली. मी काठी धरून एका दगडापाशी, प्रमोदभाऊ लांब यंत्राच्या दुर्बिणीला डोळा लावून.

"ओ भाऊ, सरका ना, बाजूले व्हा!" ते ओरडले.

मी मागे वळून पाहिलं. कोणीच नव्हतं. पुढच्या दगडालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही. शेवटी मी वैतागले. "भाऊ, खर्रा जरा कमी करा."

त्यांनी नुसतं हाताने बोलावलं आणि स्वतः बाजूला झाले.

मी दुर्बिणीला डोळा लावला. रणरणत्या उन्हात दगडाशेजारी एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता. डोळा काढला — रिकामा रस्ता. परत लावला — आहे! यंत्र हळूहळू फिरवलं. प्रत्येक दगडापाशी एकेक जण पाठमोरा, फार वेळ उभं राहिलेली माणसं एका पायावर भार देतात ना, तशी.

आम्ही गावातली चार माणसं बोलावली आणि चैतीबाईंच्या भावाचा दगड उभा केला. प्रमोदभाऊंनी दुर्बिणीतून पाहिलं.

"हा बसला, मॅडम." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "पण बाकीच्यायनं तोंड फिरवलं. आपल्याकडं पाहून राह्यले."

बाकीचे दगड उभे करायला बांधकामाच्या ठेकेदाराने हात लावू दिला नाही. सगळे पुन्हा उभे करावेत, असं मी अहवालात लिहिलं. वरून उत्तर आलं — हललेले दगड, महत्त्व नाही. चैतीबाईंनी भावाचा दगड बैलगाडीत घालून नेला. उरलेले फोडून इमारतीच्या पायात भरले.

ऊन, थकवा, काचेतला दोष... सगळं लावून पाहिलं, एकही कारण पटत नाही. आता इमारत झाली आहे आणि पुढच्या आठवड्यात मुली राहायला येतील. परवा शेवटच्या मोजणीला प्रमोदभाऊ गेले होते. त्यांनी मुलींच्या झोपायच्या हॉलमध्ये यंत्र लावलं आणि काहीच न मोजता परत आले. मग मला फोन केला.

म्हणाले, "उभेच हायेत, मॅडम. आता गोटे कुठी राह्यले... पोरींच्या पलंगापाशी उभे हायेत. एकेका पलंगापाशी एकेक."