न पोहोचलेले एकशे चाळीस मेसेज

श्रावस्ती गजभिये मूळची वर्ध्याची. केंद्राच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर, आणि दिल्लीत आर. के. पुरममधल्या आपल्या सरकारी क्वार्टर्सच्या रहिवासी संघाची बिनपगारी सेक्रेटरी. पाण्याला वास येतो म्हणून तिनंच नमुना तपासायला दिला होता. क्वार्टर्सची देखभाल बघणारा सरकारी इंजिनिअर तेव्हा खेकसला होता, "मॅडम, अफवाह मत फैलाइए."

मंगळवारी सकाळी अहवाल आला. टाकीत गटाराचं पाणी झिरपत होतं. तिनं तडक एकशे चाळीस घरांना मेसेज टाकला, 'पानी मत पीजिए. तुरंत सबको बताइए.' खाली अहवालाची लिंक. फोनवर सगळे मेसेज 'गेले' असं दिसलं. ती निश्चिंत झाली.

तासाभरानं ऑफिसला निघताना खालच्या मजल्यावर नीलाकाकू दारात भेटल्या.

"ह्यांना पहाटेपासून उलट्या होताहेत गं. साखर-मीठ घालून पाणी पाजतेय."

"नळाचं? काकू, माझा मेसेज नाही मिळाला?"

"कसला मेसेज?"

"ते पाणी बंद करा, बाटलीचं पाजा," श्रावस्ती म्हणाली. वर धावत जाऊन तिनं नवऱ्याच्या फोनवर मेसेज पाठवून पाहिला. 'भाजी आण' लगेच आला. इशारा दोनदा पाठवला, आलाच नाही.

"सिद्धांत, हे मुद्दाम कुणी अडवतंय का? तो इंजिनिअर..."

"ते नंतर बघू. तू डावीकडचे ब्लॉक घे, मी उजवीकडचे."

दोघांनी दारं ठोठावायला सुरुवात केली. काही घरी कुलूप, काही घरी मुलं बाटल्या भरून शाळेत गेलेली. दुपारपर्यंत अकरा जण आजारी पडले. नीलाकाकूंच्या यजमानांना, ब्याऐंशी वर्षांच्या अविनाशकाकांना, तर स्ट्रेचरवरून हॉस्पिटलात न्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती करोल बागेत मोबाइल कंपनीच्या ऑफिसात जाऊन धडकली. काउंटरवरच्या शिवांगीनं स्क्रीन पाहिली.

"मॅम, एक ही मेसेज, लिंक, 'तुरंत', वो भी इतने नंबरों पर. सिस्टम ने स्पॅम समझकर रोक दिया."

"तो मुझे बताया क्यों नहीं?"

"बताएँगे तो ठग भी सीख जाएँगे."

वीज तोडण्याच्या खोट्या मेसेजनं गेल्याच वर्षी श्रावस्तीच्या ऑफिसातले पद्माकर फसले होते. शिवांगी खोटं बोलत नव्हती. तरी श्रावस्तीनं विचारलं, "और कल कोई अफसर ही मेसेज रुकवा दे, तो मुझे फ़र्क़ कैसे पता चलेगा?"

शिवांगीनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "नहीं चलेगा, मॅम." मग तक्रारीचा फॉर्म पुढे सरकवला.

काका सहा दिवसांनी घरी आले, पण जिना चढणं त्यांना पुढे जमलंच नाही. टाकी दुरुस्त झाली. कंपनीनं एका ओळीत कळवलं, 'आपका नंबर सामान्य है.' मेसेज का अडवला, ते कुठेच नव्हतं. श्रावस्तीनं त्याच संध्याकाळी दूरसंचार खात्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. आपल्या बाजूनं कोण आहे याची तिला खात्री नव्हती, म्हणून एकेक शब्द ती तोलून लिहीत होती.