पितांबरने बसवलेली दारं

पितांबर एका जागी टिकणारा माणूस नव्हता. रावेरची घरची केळीची बाग सोडून त्याने भुसावळला रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, आणि नव्याण्णव साली तो जळगावच्या एका बियाणे कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायला लागला. तिथेही जेवताना त्याचा पाय हलत असायचा.

कंपनीचं गोदाम धुळ्याला होतं. तिथली दारं कार्डाने उघडावीत आणि परवानगी जळगावच्या कॉम्प्युटरने द्यावी, ही मालकाची हौस. पितांबरने कार्ड वाचणारी दोन यंत्रं बसवली. एक पुढच्या दाराला, दुसरं बियाण्याच्या थंड खोलीला. बाहेरून येणारी लाइन एकच, म्हणून कोणता निरोप कोणत्या यंत्राच्या पत्त्यावर न्यायचा हे त्याने राउटरमध्ये भरून ठेवलं. दोन्ही दारं उघडून दाखवली आणि तो परतला. बसमध्ये मात्र काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी गोदाम सांभाळणाऱ्या रुपचंदचा फोन आला.

"भाऊ, लाइट जाऊन आली. पोती लावणारी धुरपदाबाई थंड खोलीत अडकली! तिथं कार्ड लावतो, तर पुढचं दार उघडतं!"

पितांबरने कॉम्प्युटरवरून थंड खोली उघडायचा हुकूम सोडला. "उघडलं?"

"पुढचंच!"

पुन्हा सोडला. पुन्हा पुढचंच. फोनमधून दारावरच्या थापा ऐकू येत होत्या. आतून उघडायची सोयच नव्हती. मालक नको म्हणाला होता आणि पितांबरने मान डोलावली होती.

थापा मंदावल्या, तसं त्याच्या लक्षात आलं. वीज जाऊन आल्यावर यंत्रांना नव्याने पत्ते मिळाले होते आणि त्यांत अदलाबदल झाली होती. राउटर बिचारा जुन्याच पत्त्यांवर निरोप टाकत होता. पत्ते कायमचे बांधून ठेवायचं राहिलं होतं, ते हेच.

त्याने पुढच्या दाराचा हुकूम सोडला.

"उघडलं!" रुपचंद ओरडला. मागोमाग धुरपदाबाईच्या शिव्या ऐकू आल्या.

मालकाला न विचारताच त्याने धुळ्याची बस धरली. पत्ते पक्के केले. थंड खोलीत आतून दाबायचं मोठं लाल बटण बसवलं, लाइट नसतानाही कुलूप सोडणारं.

धुरपदाबाई उन्हात गोधडी पांघरून बसली होती. तिने बटण पाहिलं.

"पहिले तू मझार जाय, भाऊ. दार मी लावस."

पितांबर आत गेला. तिने दार ओढलं, रुपचंदने मेन स्विच पाडला. काळोखात त्याचे दात वाजू लागले. हात भिंतीवर चाचपडला, बटण लागेना. लागलं तेव्हा त्याने ते गरजेपेक्षा कितीतरी जोरात दाबलं.

दार उघडलं. धुरपदाबाईने त्याचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि अंगावरची गोधडी काढून त्याच्या खांद्यावर टाकली.

मग दाराच्या फटीत एक वीट सरकवून ती पोती लावायला आत गेली. पितांबरने ती वीट काढली नाही.