मिस्ड कॉल उचलायचा नसतो

माझ्या जुन्या फोनमध्ये एकाही माणसाचं नाव नव्हतं. त्यात 'विना कांदा' होते, 'कमी तिखट' होती, 'दोन पोळ्या जास्त' होता, आणि 'वरण वेगळं' म्हणून एक बँकेतले साहेब होते, भातावर वरण ओतून पाठवलं की त्यांचा दिवस खराब जायचा. डबे देणाऱ्या बाईला माणसाचं नाव घेऊन काय करायचं आहे? तो कसा जेवतो ते माहीत असलं की पुरे.

धंदा म्हणते, पण बोर्ड नाही की पाटी नाही. आमचे हे फॅक्टरीतून रिटायर झाले, मुलगी नोकरीला बंगलोरला गेली, आणि इकडे हिंदी मुलखात, विजय नगरच्या त्या घरात मी दोन माणसांचा स्वयंपाक करून पाहिला. जमेना मला. सासरच्या सगळ्या गोतावळ्याला रांधण्यात जन्म गेला, दोन माणसांचे तांदूळ घ्यायला हात वळेना. मग शेजारणीनं डबा मागितला, तिच्या ओळखीनं आणखी कोणी, आणि डबे वाढत गेले. पेन्शन येते, आम्ही काही उपाशी मरत नव्हतो. पण सकाळी उठायला एक कारण होतं आणि ते माझं स्वतःचं होतं. बाकी घरात माझं असं दुसरं काय होतं?

आमची पद्धत सोपी होती. सकाळी फोन ओट्यावर, मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवायचा. ज्याला डबा पाहिजे त्यानं मिस्ड कॉल द्यायचा. एकदा वाजला तर एक डबा, घरी पाहुणे असले तर दोनदा. नाही वाजला तर आज नको. मिस्ड कॉल मात्र उचलायचा नसतो. ही रीत बोलायला पैसे पडायचे तेव्हाची, पुढे बोलणं फुकटात झालं तरी ती काही सुटली नाही. माझे हात कणकेत, त्यांची ऑफिसची घाई, त्यात बोलायचं काय? स्क्रीनवर 'कमी तिखट' आलं की मी एक मिरची बाजूला ठेवायची, झालं आमचं बोलणं. मग ई-रिक्षावाला भैया यायचा आणि डबे घेऊन जायचा.

तो फोन एका शनिवारी, डबे गेल्यावर, डाळ भिजवलेल्या पातेल्यात पडला. दुकानदारानं उघडून पाहिला आणि म्हणाला, "आंटीजी, इसमें अब कुछ नहीं बचा." सिम तेवढं निघालं. नंबर राहिला, माझी माणसं गेली.

मुलगी रविवारच्या सुट्टीला धावत आली, नवा फोन घेऊनच. पोळपाटाएवढा. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आणि दोघींनाही वाटतं की आपलं छान जमतं. "मम्मी, अब थोडा प्रोफेशनल करते हैं," म्हणाली. त्यात तिनं बिझनेसचं अकाउंट काढलं, थाळीचा फोटो लावला, आणि कोणी मेसेज केला की आपोआप उत्तर जाईल असं काही केलं. उत्तर काय, तर हमारी टीम आपसे जल्द संपर्क करेगी.

"टीम कोण ग?" मी विचारलं.

"तू ही है, मम्मी."

म्हणजे मी आणि माझा कुकर. मग बोटाच्या ठशानं फोन उघडायचा ठरलं, तर ठसाच लागेना. तव्यावर पोळ्या उलटून उलटून माझी बोटं गुळगुळीत झाली आहेत, त्याला तो फोन तरी काय करेल बिचारा. शेवटी चेहऱ्यानं उघडायचा केला, आणि कुकरची वाफ आली की तो मला ओळखेना. आणखीही तिनं पुष्कळ सांगितलं, भरभर, बॅग भरता भरता. त्यातच हेही सांगितलं म्हणे, की अनजान नंबरची घंटी बंद केली आहे, आजकल फ्रॉड बहुत चल रहा है. मी सगळ्याला अच्छा, अच्छा करत होते. जाताना म्हणाली, सगळ्यांचे नंबर नावानिशी सेव्ह कर. अग बाई, नावं मला येतात कुठं?

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजलाच नाही. हिंदीवाल्यांचा सावन अर्धा झाला होता आणि आपला श्रावण नुकताच लागला होता. सोमवार होता, म्हटलं उपास असतील सगळ्यांचे. मंगळवारीही वाजला नाही. बुधवारी कणीक भिजवून मी ओट्याशी उभी, भाजी चिरलेली, आणि तो काळा चौकोन मसाल्याच्या डब्याला टेकून गप. भैया दारात हॉर्न वाजवून राहिला. त्याला म्हटलं, जा बाबा, आज काही नाही.

हे म्हणाले, "काय झालं ते कोणाला विचारून तर पाहा."

"मी काहून विचारू? जेवायचं त्यांना आहे, मला नाही."

खरं म्हणजे विचारणार तरी कोणाला, नंबर कोणाचा होता माझ्याजवळ. पण ते सोडा, राग आला होता मला. इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लं, आणि एक दिवस सगळ्यांनी मिळून पाठ फिरवली. काय चुकलं असेल म्हणून मी आठवून आठवून पाहिलं. वांग्याची भाजी फार झाली का? त्या दिवशी वरणात मीठ जास्त पडलं होतं का? दुपारी नुसती खिडकीत बसायची. हे पेपर वाचता वाचता माझ्याकडे पाहायचे. भैयानं शाळेची पोरं धरली, त्यालाही पोट आहे.

पोळा होऊन गेल्यावर तो भैया चौकात भेटला. म्हणाला, "दीदी, आपने डब्बा बंद क्यों कर दिया? दीक्षितपुरावाले बाबूजी पूछ रहे थे. फोन तो सब लगाते रहे, घंटी जाती है, डब्बा आता नहीं."

मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. घरी येऊन शेजारच्या सुनेला फोन दाखवला. तिनं दोन ठिकाणी बोट लावलं, मी कधी न उघडलेली मिस्ड कॉलची लांब यादी काढून दाखवली आणि म्हणाली, काकू, नाव सेव्ह नसलेल्या सगळ्यांना तुमचा फोन मुकाट ठेवून राहिला होता. माझी माणसं रोज सकाळी घंटी देत होती आणि मी त्यांच्यावर रुसून बसले होते. त्यांनाही वाटलं असेल, बाईनं बंद केलं, सांगायची रीतसुद्धा नाही. एवढ्या दिवसांत कोणी कोणाशी एक शब्द बोललं नाही, कारण बोलायची सवयच आम्ही ठेवली नव्हती. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "मम्मी, बताया तो था." बताया होगा.

भैयाला घरं माहीत होती. त्याच्या रिक्षात बसून मी घरोघर गेले, मत मागणाऱ्यांसारखी. 'कमी तिखट' निघाली एक लहानखुरी पोरगी, तिनं ऑफिसचं कँटीन लावलं होतं. बँकेतल्या साहेबांची बदली झालेली. 'दोन पोळ्या जास्त'नं वजन कमी करायला घेतलं होतं, त्याचं बरंच झालं म्हणा. सगळे गोड बोलले, आंटी बैठिए, चाय पीजिए. डबा कोणी मागितला नाही.

शेवटी दीक्षितपुऱ्यात 'विना कांदा'कडे गेले. रेल्वेतून रिटायर झालेले, आपलेच मराठी, बायको गेलेली, मुलगा हैदराबादला. मी पहिल्यांदाच त्यांना पाहत होते. भैयानं सांगितलं डबेवाली दीदी, तर ते घाईनं उठले आणि शर्टाची बटणं लावायला लागले.

"या वहिनी, या. मला वाटलं माझं काही चुकलं."

"तुमचं कशाला चुकेल, काकाजी. फोन वाजत नव्हता माझा."

"अच्छा. मी तर रोज देऊन राहिलो होतो. म्हटलं उद्या वाजेल." मग म्हणाले, "एकदा बोलावं वाटलं होतं. पण तुमचे हात कणकेत असतील."

टेबलावर प्लॅस्टिकचा डबा होता, अर्धा खाल्लेला. मुलानं तिकडूनच ॲपवर लावून दिला होता. तोच पैसे भरतो, तोच काय पाठवायचं ते ठरवतो. मी विचारलं, कांदा असतो का त्यात?

"असतो. काढून ठेवतो बाजूला."

"मग बंद करा ना ते. उद्यापासून मी पाठवते."

"मला ते बंद करता येत नाही, वहिनी. मुलाला म्हटलं होतं. तो म्हणतो, पापा, उसकी रेटिंग अच्छी है." हे ते हसून म्हणाले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. "तो तिकडे काळजी करतो. राहू द्या."

वाद घालायला मी त्यांची कोण? मी उठले तेव्हा ते आत गेले आणि माझा स्टीलचा डबा घेऊन आले, घासलेला, फडक्यात बांधलेला. तोच एक डबा माझा कोणाकडे राहिला होता. म्हणाले, त्या सोमवारी परत पाठवायचा होता, रिक्षाच आली नाही.

घरी येऊन मी तो ओट्यावर उघडला. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत. त्यांनी आत गुळाचा खडा ठेवला होता. पावसाळी हवेत तो केव्हाच सुटला होता, तळाला काळा पाक होऊन चिकटला होता आणि त्यात मुंग्या मेल्या होत्या. खोटं काहून बोलू, मी ओट्याशी उभी राहून रडले. हे दारात आले, पाहिलं आणि परत बाहेर जाऊन बसले.

फोन आता वाजतो. सकाळभर वाजतो, लोन पाहिजे का म्हणून. त्या दिवशी मी डब्यात गरम पाणी ओतलं, गूळ सुटेपर्यंत थांबले, आणि ते पाणी मोरीत टाकलं. डबा पुसून वरच्या फळीवर ठेवला. मग दोघांपुरती कणीक भिजवली, आणि तीही जास्तच झाली.