यिन शुन्फूची कौलावरची मांजरं

कौलावर बसवायचं मांजर घ्यायला कुणी आलं, की यिन शुन्फू आधी त्याला बसवून घ्यायचा आणि घरची चौकशी सुरू करायचा. घरात माणसं किती, म्हातारं कोण, नवराबायकोचं जमतं का, छपरावरून दिसतं काय, तळं की डोंगर. गिऱ्हाईक वैतागून जायचं. "काका, मांजर न्यायला आलोय, मुलगी बघायला नाही," असं एकानं तोंडावर ऐकवलंही होतं. पण शुन्फू आपला हेका सोडायचा नाही. कौलावर बसून वाटेनं येणारी पीडा गिळायची, हे त्या मातीच्या मांजराचं काम. ते त्या घराच्या स्वभावाचं नको का? भित्र्या माणसाच्या माथ्यावर आक्राळविक्राळ मांजर बसवलं तर पीडेच्या आधी घरधनीच पळ काढायचा.

छांगशान डोंगराच्या पायथ्याला, एर्हाय तळ्याकडे उतरणाऱ्या एका ओढ्याच्या काठी त्याची भट्टी होती. बाय जमातीच्या त्या गावात तीन पिढ्या हेच काम. ओढ्याच्या वळणावरची काळी माती तो पावसाळा संपला की खणायचा, आणि तीही एका जागची दोन टोपल्यांहून जास्त नाही. बाप तसं करायचा म्हणून तोही करायचा. का, ते बापानं सांगितलं नव्हतं आणि यानं विचारलं नव्हतं.

तरुणपणी दहा-बारा वर्षं अशी गेली, की मांजर करायला बंदी होती. जुनं ते सगळं टाकाऊ, असा तेव्हाचा हुकूम. शुन्फू सामुदायिक भट्टीवर लोणच्याच्या बरण्या आणि मोऱ्यांचे नळ करत बसला. पण हाताची सवय जाऊ नये म्हणून दुपारी सगळे जेवायला गेले की अंगठ्याएवढं मांजर करायचा, त्याच्याकडे घटकाभर बघायचा आणि परत मळून मातीत मिसळून टाकायचा. बायको छाइयुन म्हणायची, की त्या काळातल्या आपल्या गावच्या बरण्यांना उंदीर लागत नसत ते यामुळेच. बंदी उठल्यावर त्यानं केलेलं पहिलं मोठं मांजर दचकल्यासारखं दिसायचं, आपण खरंच परत आलो की काय, असं. ते गावदेवाच्या देवळावर बसवलं.

ही गोष्ट घडली तेव्हा तो सहासष्ट वर्षांचा होता. गावातल्या यांग बिंगकुई नावाच्या पाथरवटानं नवं घर बांधलं. अंगणात पांढरी भिंत, तिच्यावर डोंगराचं चित्र, दारात कॅमेलियाच्या फुलांच्या कुंड्या. बिंगकुई दणकट, मोठ्या आवाजाचा. त्यानं सांगितलं, "यिनकाका, मला तोंड असलेलं मांजर पाहिजे." शुन्फूनं मग हात सैल सोडून मांजर केलं. दोन मुठी आत जातील एवढा जबडा, लोंबती जीभ, टपोरे डोळे. मंत्र म्हणणाऱ्या म्हाताऱ्यानं कोंबड्याच्या तुऱ्याचं रक्त त्याच्या कपाळाला लावलं, तोंडात तांदूळ, गहू, बाजरी आणि लाल दोरा भरला, आणि तीन वाटा मिळतात त्या बाजूला तोंड करून ते आढ्यावर बसवलं.

आता त्या तीन वाटांच्या अलीकडेच दोंग रुइलिआनचा गोठा होता.

रुइलिआन विधवा होती, तीन गाई पाळायची आणि दुधाचे पंखे करायची. आंबट पाण्यात दूध फाटवायचं, गोळा ताणून पापडासारखा पातळ करायचा आणि वेळूच्या दांड्यावर गुंडाळून वाळवायचा. तिच्या हातचे पंखे ताणले तर पलीकडचं दिसायचं, पण तुटायचे नाहीत. नव्या वर्षाचा सण झाला आणि ते तुटायला लागले. रोज दोन, मग चार. तिनं मान वर करून बघितलं, तर समोरच्या आढ्यावरून जबडा वासलेलं मांजर थेट तिच्या दुधाच्या पातेल्याकडे बघत होतं.

तिनं गोठ्यावर आरसा टांगला, मांजराची नजर मांजराकडेच परत जावी म्हणून. आठवड्यात बिंगकुईच्या बायकोचं डोकं दुखायला लागलं. आरशाकडून येणारी पीडा कापावी म्हणून तिनं खिडकीत उघडी कात्री लटकवली. देवळात मंत्र म्हणायला जमणाऱ्या म्हाताऱ्या बायकांत दोन्हीकडच्या वहिन्या-मावश्या होत्या. त्या आता दोन वेगळ्या ओळींत बसू लागल्या आणि एकमेकींपेक्षा वरच्या आवाजात मंत्र म्हणू लागल्या. पुजारी म्हणाला, इतकी भक्ती या गावात कधी नव्हती.

शेवटी रुइलिआन शुन्फूकडे आली. चिखलाचे हात पुसायलाही तिनं वेळ दिला नाही.

"यिनभाऊ, तुमचं मांजर माझं दूध पितंय."

"वहिनी, ते मातीचं आहे."

"मातीचं आहे म्हणून तर पोट भरत नाही त्याचं."

तिला त्याच्याहून मोठं मांजर हवं होतं, कढईएवढ्या तोंडाचं. शुन्फूनं साफ नाही म्हटलं. दोन मांजरं समोरासमोर बसली तर मधल्या गल्लीतून माणसांनी जायचं कसं, असं त्यानं विचारलं. ती फणकाऱ्यानं निघून गेली. छाइयुन तिच्या मागोमाग गोठ्यापर्यंत गेली आणि परत येऊन नवऱ्याला म्हणाली, की गाई नुसत्या भाताच्या सुक्या पेंढ्यावर आहेत, शेंगांचा हिरवा पाला अजून महिनाभर तरी निघायचा नाही. दूध पातळ होणार नाही तर काय? पण हे रुइलिआनला सांगायची तिची छाती झाली नाही. चाळीस वर्षं गाई पाळणाऱ्या बाईला चारा कोण शिकवणार?

शुन्फू बिंगकुईकडे गेला. बिंगकुईनं छोट्या मडक्यात चहाची पानं भाजली, वर उकळतं पाणी ओतून वाटी पुढे केली, सगळं आदरानं. पण मांजर जरा वळवायचं म्हटल्यावर तो अडून बसला. दिशा काही त्यानं नाही, मंत्र म्हणणाऱ्या म्हाताऱ्यानं ठरवली होती. बसलेलं मांजर हलवलं तर घर हलतं म्हणतात. "आणि वळवून त्याला कुठे बघू देऊ, काका? माझ्या न्हाणीघरात?"

घरी येताना शुन्फूच्या मनाला काही चैन पडेना. त्याच्या हातची वस्तू, आणि तिच्यापायी दोन घरं बोलेनाशी झाली. पुढचा महिनाभर त्यानं एकही मांजर केलं नाही. मग त्याच्या डोक्यात एक विचार आला.

तिसऱ्या महिन्यात गावदेवाचा वाढदिवस असतो. हा देव कधीकाळी गावातलाच माणूस होता. ओढ्याला पूर आला तेव्हा त्यानं स्वतःच्या घराचं दार उखडून पाण्यात आडवं धरलं आणि ते धरूनच तो गेला. त्या दिवशी त्याची पालखी गावभर फिरते आणि सगळं गाव देवळात आंबटतिखट मासे खायला जमतं. गल्ली रिकामी बघून शुन्फू शिडी, ओल्या मातीचा गोळा आणि बायको घेऊन बिंगकुईच्या घराशी आला. मांजराचा जबडा आतून अर्धा लिंपून टाकायचा बेत होता. खालून कुणाला कळलं नसतं.

छाइयुननं शिडी धरली आणि सांगून टाकलं, "पडलात तर मी म्हणेन, हे कोण आहेत मला ठाऊक नाही."

शुन्फू कौलांवरून रांगत आढ्याशी पोचला. मातीचा हात जबड्याजवळ नेला, तोच आतून एक चिमणी फडफडत त्याच्या तोंडावर आली. गोळा सुटला, कौलांवरून घरंगळत कॅमेलियाच्या कुंडीत पडला. त्यानं वाकून आत बघितलं. लाल दोरा, गाईचे केस, गवत, आणि त्यात पाच पिल्लं, नुसत्या चोची. मांजराच्या तोंडात ठेवलेले दाणे खायला आलेली चिमणी तिथेच संसार थाटून बसली होती.

तो बघतच राहिला. इतका, की ढोलाचा आवाज जवळ आला तरी त्याला कळलं नाही. पालखी गल्लीत शिरली, भोयांनी वर बघितलं आणि ते थबकले. मागचं सगळं गाव एकमेकांवर आदळलं. देव पालखीत, शुन्फू आढ्यावर, आणि छाइयुन शिडी सोडून भिंतीवरचं चित्र बघत असलेली.

"यिनकाका," बिंगकुईनं खालून विचारलं, "माझ्या घरावर काय करताय?"

शुन्फूला खोटं सुचेना. "तोंड लिंपायला आलो होतो," तो म्हणाला, "पण आत माणसं राहतात."

हा म्हाताऱ्याचा बनाव असणार, असं रुइलिआनचं मत पडलं. तिनं बाह्या वर सारल्या आणि कुणी अडवायच्या आत ती शिडीवरून वर चढली. तिनं जबड्यात डोकावून बघितलं. मग मांजराच्या सुळ्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, "एवढे दात ठेवले, आणि हे घर भाड्यानं देतंय." खाली हशा पिकला. बिंगकुईही हसला, पण तिच्याकडे न बघता.

वरून उतरायच्या आधी तिला आणखी एक गोष्ट दिसली. तिच्या गोठ्यावरच्या आरशाची तिरीप नेमकी जबड्यात पडत होती आणि पिल्लं उन्हानं चोची वासून धापा टाकत होती. ती उतरली, सरळ घरी गेली आणि आरसा काढून आत ठेवून आली. पालखी तोवर थांबूनच होती. बिंगकुईच्या बायकोनं ते बघितलं. तीही घरात गेली, आणि पालखी हलली तेव्हा खिडकीत कात्री नव्हती.

पुढचे पंधरा दिवस गल्लीत माना वर करून चालायची पद्धत पडली. पिल्लू बाहेर डोकावलं की रुइलिआन समोरच्या घराला हाक मारून सांगायची आणि बिंगकुईची बायको तव्यावरचं सोडून बाहेर यायची. बिंगकुई दगड फोडायचं काम देवळामागे घेऊन गेला, आवाजानं चिमणी बुजते म्हणून. त्याच सुमाराला शेंगांची काढणी झाली, गाईंना हिरवा पाला मिळाला आणि दुधाचे पंखे तुटायचे थांबले. रुइलिआन त्याचं श्रेय चिमण्यांना द्यायची, छाइयुन पाल्याला. शुन्फूनं दोघींना होकार देऊन टाकला.

पिल्लं उडून गेली त्या सकाळी बिंगकुई आपण होऊन रुइलिआनच्या गोठ्याशी आला. म्हणाला, "वहिनी, आता मोकळं झालंय. म्हणत असाल तर वळवतो थोडं. घर हललं तर हललं, मी पाथरवट आहे."

रुइलिआन दांड्यावर पंखा गुंडाळत होती. तिनं वर बघितलं. चिमणी नवी काडी घेऊन मांजराच्या जिभेवर बसली होती.

"राहू दे," ती म्हणाली. "तिचं दुसरं बाळंतपण दिसतंय." आणि वाळलेले चार पंखे तिनं त्याच्या हातात ठेवले, बायकोला दे म्हणून.

चौथ्या महिन्यात, भाताची लावणी सुरू व्हायच्या आधी, सगळं गाव तळ्याकाठच्या तीन देवळांच्या जत्रेला निघालं. पुढे वाळुंजाची फांदी धरून गाणारे, मागे नाचणारे. शुन्फू यंदा नाचला. गेली चार वर्षं गुडघ्यांचं कारण सांगून तो नुसता कडेला बसून राहायचा. तळ्याच्या वाटेवर खालच्या गावचा एक माणूस त्याला गाठून म्हणाला, की मलाही चिमण्यावालं मांजर करून द्या.

"मांजर देईन," शुन्फू धापा टाकत म्हणाला. "चिमण्या माझ्याकडे नसतात. बरं, मला सांग, घरात माणसं किती तुझ्या?"